मडगार्डाचा घेर

मोटारीच्या इतिहासांत यंत्राला जें मानाचें स्थान मिळतें तें तिच्या पत्र्याला सहसा मिळत नाहीं. एंजिन कसें निघालें, हवेनें भरलेला टायर कसा आला, याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु चाकावर जो वांकविलेला पत्रा असतो, ज्याला आपण मडगार्ड म्हणतों आणि अमेरिकन लोक फेंडर म्हणतात, त्याची चौकशी करावयास कोणी जात नाहीं. आज त्या पत्र्याविषयीं, आणि त्यांतल्या त्यांत त्याच्या कडेला जोडल्या जाणाऱ्या एका पट्टीविषयीं, मी आपल्याशीं बोलणार आहें. डोंगरांतून, वाळूंतून, नद्यांच्या पात्रांतून हिंडण्यासाठीं कांहीं लोक आपल्या जीपगाड्यांत फेरफार करून घेतात. अशी एखादी गाडी आपण निरखून पाहिली असेल, तर चाकाच्या वर अंगाबाहेर आलेली काळी पन्हळ आपल्या दृष्टीस पडली असेल. इंग्रजींत तिला फेंडर फ्लेअर म्हणतात. परकराच्या घेरासारखा पसरलेला तो मडगार्डाचा घेर होय, आणि या भाषणांत मीही त्याला घेरच म्हणेन. पाहणाऱ्याला ती शोभेची वस्तु वाटते, आणि बाजारांत ती पुष्कळदां शोभेसाठींच विकली जाते हेंही खरें. परंतु तिचा जन्म मोठ्या चाकानें लहान अंगावर केलेल्या आक्रमणांतून झाला. आणि घेर निवडतांना व बसवितांना ज्या चुका आजही होतात त्यांपैकीं बहुतेक हा जन्म विसरल्यामुळें होतात.

चिखलाची तक्रार मोटारीहून जुनी आहे. घोड्याच्या गाडींत हांकणाऱ्याच्या पुढें एक उभी फळी असे. घोड्याच्या टापांनीं उडालेला चिखल आंतल्या माणसांच्या अंगावर येऊं नये म्हणून ती लावीत, आणि तिचें नांव डॅशबोर्ड. आज मोटारींत ज्या फळीवर वेग दाखविणारी तबकडी बसवितात तिला तेंच नांव चिकटून राहिलें आहे. चिखल मात्र तेथून गेला. आपल्याकडील टांग्याच्या दोन मोठ्या चाकांवरही वांकविलेले पत्रे असत. बैलगाडीला मात्र त्यांची गरज भासली नाहीं, कारण बैलाच्या चालीनें फिरणारें चाक चिखल उचलतें, पण फेंकीत नाहीं. फेंकण्याला वेग लागतो. टायरला चिकटलेला चिखल किंवा खडा परिघाच्या स्पर्शरेषेंत सुटतो. चाकाच्या मागच्या अंगाला तो सुटला तर वर उडतो, आणि मागून येणाऱ्याच्या कांचेवर आदळतो. वरच्या अंगाला सुटला तर पुढें झेपावतो, मग धांवती गाडी त्याला गांठते आणि तो आपल्याच कांचेवर येऊन पडतो. मडगार्ड हें असें दोघांचें संरक्षण करतें, आपलें आणि परक्याचें. पण टायरचा जेवढा भाग त्याच्या बाहेर डोकावतो तेवढ्या भागापुरतें मडगार्ड नसल्यासारखेंच होय. आपल्या सबंध विषयाचें बीज एवढ्या एका गोष्टींत आहे.

आतां जीपकडे वळूं. १९४० सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकन लष्करानें हलक्या आणि चारही चाकांना गति मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीची मागणी कारखानदारांपुढें ठेवली. बॅण्टम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या एंजिनिअरकडून आराखडे करून घेतले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं मेरिलंड संस्थानांतील होलाबर्ड येथील लष्करी तळावर पहिली गाडी नेऊन उभी केली. तिचीं पुढचीं मडगार्डें गोलाईचीं होतीं. त्या काळच्या साध्या मोटारीचें वळण तिच्या अंगावर अजून शिल्लक होतें. फोर्डनें त्याच वर्षाच्या अखेरीस आणलेल्या नमुन्याचें बॉनेट सपाट होतें आणि मडगार्डेंही सपाट होतीं. आणि शेवटीं विलिस कंपनीची जी गाडी प्रमाण म्हणून ठरली तिनें हा सपाटपणा उचलला. युद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड यांनीं मिळून सहा लक्षांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. सपाट पत्रा दाबयंत्रांतून लवकर निघतो, ठोकून सरळ करतां येतो, आणि त्यावर माणूस बसूं शकतो. सैनिकांनीं त्या मडगार्डाचें बांक केलें, मेज केलें, आणि बॉनेटवर कापड अंथरून पाद्र्यांनीं प्रार्थनेची वेदीही केली. मागच्या चाकाला निराळें मडगार्ड नव्हतेंच. गाडीच्या पत्र्याच्या टबाला बाजूनें खांच पाडून चाकाला जागा दिलेली होती. टायर सहा इंच रुंद आणि सुमारें अठ्ठावीस इंच उंच होता, आणि तेवढ्याला ही व्यवस्था पुरेशी होती.

हीच सपाट मडगार्डाची गाडी आपल्याकडे आली. १९४५ सालीं लुधियाना येथें स्थापन झालेल्या, आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनें १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें विलिसच्या सुट्या भागांतून जीप जुळविण्यास आरंभ केला. त्यानंतर कित्येक दशकें आपल्या तालुक्यांच्या गांवीं जी जीप दिसे तिच्या पुढच्या मडगार्डावर एक तरी माणूस बसलेला असावयाचाच. अमेरिकेंत मात्र विलिसनें १९५४ सालीं सी-जे-५ ही गाडी काढली, आणि लष्करासाठीं बनविलेल्या एका गाडीच्या धर्तीवर तिचीं मडगार्डें पुन्हां गोल केलीं. सपाट कीं गोल हा वाद तेथील जीपप्रेमी लोकांत आजही चालतो. त्यांत मला पडावयाचें नाहीं. आपल्या विषयाला तो फारसा लागूही नाहीं, कारण गोल असो वा सपाट असो, दोन्हीं मडगार्डें अरुंद टायरसाठीं कापलेलीं होतीं.

युद्धानंतर लष्करानें विकून टाकलेल्या जीपगाड्या अमेरिकेंत स्वस्त मिळूं लागल्या, आणि शिकारी, खाणवाले, गुराखी यांच्याबरोबर केवळ मौजेखातर डोंगर चढणारे लोकही त्या घेऊं लागले. कॅलिफोर्नियांत सिएरा नेवाडा पर्वतावरील रुबिकॉन नांवाच्या खडकाळ वाटेनें १९५३ सालीं जीपवाल्यांची पहिली मोठी यात्रा निघाली, आणि ती प्रथा पुढें चालूं राहिली. अशा वाटेवर गाडी कोठें अडते? बहुधा आंसाच्या पोटांत. दोन चाकांमध्यें डिफरेन्शियलचा जो लोखंडी गोळा असतो तो दगडावर टेकतो आणि गाडी तेथेंच बसते. गाडीचें अंग स्प्रिंगांवर कितीही उंच उचललें तरी हा गोळा इंचभरही वर जात नाहीं, कारण तो स्प्रिंगांच्या खालीं, चाकांच्या मध्यभागीं आहे. त्याला वर नेण्याचा सोपा उपाय एकच, आणि तो म्हणजे मोठें चाक. वाळूची गोष्ट वेगळी. तेथें चाक रुतूं नये म्हणून भार अधिक जागेवर पसरावा लागतो. म्हणून टायर रुंद हवा आणि त्यांतली हवा कमी हवी. खडकानें उंची मागितली, वाळूनें रुंदी मागितली, आणि कारखान्यानें दिलेल्या मडगार्डाला दोन्हीं मागण्या मान्य होण्याजोग्या नव्हत्या.

पहिला उपाय निघाला तो जीपवाल्यांकडून नव्हे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ब्रूस मेयर्स नांवाचा एक गृहस्थ होता. लाटांवर स्वार होण्याचा नाद त्याला होता, आणि फायबरग्लासच्या होड्या बांधण्याचा हातखंडा होता. १९६४ सालीं त्यानें फोक्सवॅगनच्या यंत्रावर फायबरग्लासचें हलकें अंग बसवून वाळूवर धांवणारी बग्गी बनविली. तिचीं मडगार्डें अंगाबरोबर एकाच सांच्यांत ओतलेलीं, उंच आणि भरपूर पसरलेलीं होतीं. पत्र्याला जें रूप देण्यास प्रचंड दाबयंत्र लागतें तें कांचतंतूंना आणि रेझिनला एका साध्या लांकडी सांच्यावर देतां येतें, ही गोष्ट त्या बग्गीनें सर्वांच्या डोळ्यांपुढें ठेवली. १९६७ सालीं मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावर तिहुआनापासून ला पासपर्यंत आठशें मैलांहून लांब अशी पहिली संघटित शर्यत झाली, आणि ती याच जातीच्या बग्गीनें जिंकली.

याच वेळीं फोर्ड कंपनीची ब्रॉन्को बाजारांत येऊन थोडेच दिवस झाले होते. १९६६ सालचें मॉडेल म्हणून ती १९६५ च्या ऑगस्टांत लोकांपुढें आली. डोनाल्ड फ्रे यांच्या देखरेखीखालीं ती घडली, आणि तिच्या रूपाचीं आरंभींचीं चित्रें काढणाऱ्यांत मॅकिन्ली थॉमसन हे फोर्डचे पहिले कृष्णवर्णीय रचनाकार होते. गाडी दिसावयास अगदीं साधी. सपाट कांचा, सरळ बाजू, पेटीसारखें अंग. स्वस्तांत बांधतां यावी हा त्यांतला मुख्य हेतु. मागच्या चाकावरची खांच मात्र बेताची ठेवलेली होती. मूळच्या टायरला ती पुरे, आणि गाडीच्या सरळ बाजूला ती शोभेही. पण मोठा टायर चढविला कीं पहिल्याच खड्ड्यांत तो पत्र्याच्या कडेवर आपटे, पत्र्याची धार टायरची बाजू कापी, आणि कधीं कधीं टायरच पत्र्याची कड बाहेर ओढून काढी. मग लोकांनीं कानस आणि छिन्नी हातांत घेतली. ब्रॉन्कोच्या मागच्या खांचा कापून रुंद करणें हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम भागांत जणूं त्या गाडीच्या खरेदीनंतरचा विधीच होऊन बसला.

कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें बिल स्ट्रॉप हे शर्यतीच्या गाड्या तयार करण्यांत निष्णात असे गृहस्थ होते, आणि फोर्डचा त्यांच्यावर भरंवसा होता. बाहाच्या शर्यतींसाठीं ब्रॉन्को सज्ज करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. १९६९ सालीं लॅरी मायनर आणि रॉड हॉल यांनीं ब्रॉन्को हांकून ही शर्यत सर्व वर्गांत मिळून जिंकली. चारही चाकांना गति असलेल्या गाडीनें असें यश मिळविणें ही तेथें अपूर्व गोष्ट होती. पुढें स्ट्रॉप यांनीं पार्नेली जोन्स यांच्यासाठीं जी ‘बिग ओली’ गाडी बांधली ती नांवाचीच ब्रॉन्को होती. तिचा सांगाडा नळ्यांचा होता आणि तिच्या टपावर विमानाच्या पंखासारखी फळी होती. जोन्स हे १९६३ ची इंडियानापोलिसची शर्यत जिंकलेले. त्यांनीं १९७१ आणि १९७२ अशीं लागोपाठ दोन वर्षें बाहाची शर्यत या गाडींतून जिंकली.

पण घेराच्या इतिहासांत या विजयांहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. १९७१ सालीं स्ट्रॉप यांच्या कारखान्यांत तयार होणारी ‘बाहा ब्रॉन्को’ फोर्डनें आपल्या विक्रेत्यांमार्फत सामान्य गिऱ्हाइकाला देण्यास सुरुवात केली. रुंद टायर, त्यांना झांकणारे घेर, आंत लोखंडी नळीची कमान, आणि लाल, निळा, पांढरा व काळा असा भडक रंग. साधी आठ सिलिंडरांची ब्रॉन्को ३,६६५ डॉलरांना मिळे, तर हिची किंमत ५,५६६ डॉलर होती. चार-पांच वर्षांत अशा सुमारें ६५० गाड्या विकल्या गेल्या. आंकडा लहान आहे. परंतु जो फेरफार तोंवर घरच्या अंगणांत, कानशीनें आणि अंदाजानें होत होता त्याला या गाडीनें प्रतिष्ठा दिली. आपला मालक आपल्या गाडीचें अंग कापणार, हें एका मोठ्या कंपनीनें जणूं आधींच मान्य करून टाकलें. घेर ही निराळी विकत घेण्याची वस्तु म्हणून दुकानांत ठरली ती याच सुमारास.

येथें थोडें थांबून या लोकांनीं काम कसें केलें तें पाहणें उचित होईल, कारण आज कोणाला आपल्या गाडीवर घेर बसवावयाचे असतील तर त्याला याच पायऱ्यांनीं जावें लागतें, आणि निवडीची खरी पारख तेथेंच होते. पहिला प्रश्न घेराचा नव्हेच. तो चाकाचा आहे. अठ्ठावीस इंची टायर काढून तेहतीस इंची घातला तर त्याची त्रिज्या अडीच इंचांनीं वाढते, म्हणजे वर, पुढें आणि मागें सर्व बाजूंना अडीच इंच अधिक जागा हवी. रुंदी सहा इंचांवरून साडेदहा झाली तर साडेचार इंच कोठें जाणार? निम्मे आंत जाऊं दिले तर वळणावर टायर स्प्रिंगेला आणि ब्रेकच्या नळीला घांसतो. म्हणून रिम अशी घेतात कीं वाढ बहुतेक बाहेरच व्हावी. जेवढा टायर बाहेर आला तेवढा घेर, आणि वर बोटभर. जो मनुष्य आधीं दुकानांतून घेर पसंत करतो आणि मग टायर शोधतो त्याचें गणित उलटें झालें. त्याच्या गाडीवर एकतर टायर घेराबाहेर डोकावतो, नाहीं तर घेराखालीं हडकुळें चाक हरवून जातें. ही दुसरी गाडी दिसावयास कशी दिसते तें मी सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं उभ्या गाडीवर घेतलेलें माप खोटें असतें. चाक वर खालीं होतें, वळतें, कलतें. अखंड आंस असलेल्या गाडींत एक चाक दगडावर चढलें आणि दुसरें खड्ड्यांत गेलें कीं वर गेलेल्या चाकाचा माथा आंत कलतो. पाट्यांच्या स्प्रिंगा भारानें दबून सपाट झाल्या कीं त्यांची लांबी वाढते, आणि झुलती कडी मागें असेल तर आंस किंचित् मागें सरकतो; म्हणून चाक खांचेच्या मधोमध उभें आहे एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं, तें दबलेल्या स्थितींत कोठें जातें हें पाहावें लागतें. जाणता मिस्त्री स्प्रिंग सोडवून जॅकनें आंस रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर उचलतो, सुकाणूचें चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवितो, आणि टायर जेथें जेथें पत्र्याजवळ येतो तेथें खडूची खूण करतो. ज्याच्याजवळ एवढी सोय नसेल त्यानें एक चाक उंच उतरंडीवर चढवून पाहावें. खुणा सर्व झाल्यावर मग कापण्याची रेघ. घेर जागेवर धरून त्याच्या आंतल्या कडेनें पट्टी चिकटवितात आणि रेघ त्या कडेच्या थोडी आंत ओढतात, म्हणजे कापलेली धार घेराखालीं झांकली जाते.

या कामांतलें सर्वांत मोठें संकट मागच्या चाकावर आहे. बंद अंगाच्या बहुतेक गाड्यांत तेथें पत्रा दुहेरी असतो. बाहेरचा बाजूचा पत्रा आणि आंतली चाकाची घुमटी हे दोन्हीं खांचेच्या कडेशीं एकमेकांना ठिपक्या ठिपक्यांनीं जोडलेले असतात. कड कापली कीं हे ठिपके गेले आणि दोन पत्र्यांमध्यें फट पडली. तीवर घेर बसविला तर ती फट दिसेनाशी होते, बुजत मात्र नाहीं. चाकाचा चिखल आंत शिरतो, ओल धरून राहतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत बाजूचा पत्रा आंतून खाल्ला जातो. वरून रंग शाबूत, आंत चाळण. म्हणून कापल्यावर आंतला पत्रा ठोकून बाहेरच्याला भिडवावा, वेल्डिंगचे लहान लहान टांके मारून जोडावा, सांधा भरून घ्यावा, उघड्या पत्र्याला जस्ताचा प्रायमर द्यावा, आणि त्यानंतरच घेराकडे पाहावें. हें काम कष्टाचें आहे आणि पुढें कोणालाही तें दिसत नाहीं. म्हणूनच तें टाळलें जातें.

बोल्टांविषयींही थोडें सांगतों. घेर पत्र्याला घट्ट आवळला कीं काम चांगलें झालें असें वाटतें. वस्तुतः प्लॅस्टिक उन्हानें पत्र्यापेक्षां पुष्कळ अधिक प्रसरण पावतें. त्याला सरकण्यास वाव न ठेवतां चिणून टाकलें तर भोंकांपाशीं तडे जातात किंवा दोन बोल्टांच्या मध्यें तें फुगतें. भोंकें म्हणून किंचित् सैल ठेवावींत, वॉशर रुंद घालावेत, प्रत्येक भोंकाच्या धारेला रंग लावावा, आणि घेर व रंग यांच्यामध्यें रबराची पट्टी द्यावी. ही पट्टी नसेल तर मध्यें शिरलेली धूळ गाडीच्या प्रत्येक कंपनाबरोबर कानशीसारखें काम करते. घेर काढला कीं खालीं त्याच्या आकाराची रंग उडालेली रेघ सांपडते. जुन्या शर्यतीच्या गाड्यांवर बोल्टांचीं डोकीं उघडीं दिसत, याचें कारण घेर फुटला तर पांच मिनिटांत बदलतां यावा. आज कांहीं घेरांवर नुसते दिखाऊ बोल्ट चिकटविलेले असतात, आणि खरे खिळे आंत लपविलेले असतात! नकलेनें मुळाला किती विसरावें याला मर्यादा नाहीं.

द्रव्याची निवड वाटेवरून होते. फायबरग्लास हलकें आणि दुरुस्त करण्यास सोपें, पण खडकाला घांसलें कीं तडकतें. वाळूच्या मोकळ्या मैदानांत तें पुरतें, कारण तेथें घांसण्याजोगें फारसें नसतें. वाकून पुन्हां सरळ होणारें मऊ प्लॅस्टिक दाट झाडींत आणि खडकांत टिकतें. खडकांवर चढणारे हौशी लोक तर पत्रा सर्व काढून लोखंडी नळीचें मडगार्ड बसवितात, ज्याच्यावर गाडी कलंडली तरी तें भार घेतें. पण त्याला चिखल आवरत नाहीं. आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशीं पावसाळ्यांत तांबड्या मातीच्या वाटेनें जाणाऱ्याला या नळीचा उपयोग थोडा. त्याला रुंद आणि खालपर्यंत उतरलेला घेर हवा, आणि त्याच्यामागें चिखल अडविणारी रबरी फडकी हवी. तोच घेर रुबिकॉनच्या खडकांत पहिल्या दिवशीं उखडला जाईल.

पुढें कारखान्यांनीं स्वतःच ही गोष्ट उचलली. १९८६ सालीं जीपची रँग्लर ही गाडी आली ती चारही चाकांवर प्लॅस्टिकचे घेर घेऊनच. नाशिक येथें बनणाऱ्या महिंद्राच्या थारची दुसरी पिढी २०२० सालीं बाजारांत आली. तिच्या कांहीं प्रकारांना २५५ मिलिमीटर रुंद आणि सुमारें एकतीस इंच उंच टायर आहे, आणि त्याला झांकणारा काळा घेर कारखान्यांतूनच बसून येतो. माझगांवच्या सहा इंची टायरपासून येथवरचें अंतर हातानें मोजतां येण्यासारखें आहे. फोर्डनें २०२१ सालीं ब्रॉन्को पुन्हां काढली, तेव्हां पस्तीस इंची टायर आणि त्यांना पुरतील असे उंच घेर असा जोडसंच कारखान्यांतूनच मिळूं लागला. स्ट्रॉप यांच्या कामगारांनीं जें कापून मिळविलें तें आतां सांच्यांतच ओतलेलें असतें.

कायद्यानेंही या पट्टीची दखल घेतली आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन-कायद्याप्रमाणें मडगार्ड किंवा तत्सम आवरण टायरच्या जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्याइतकें तरी रुंद असलेंच पाहिजे. म्हणजे रुंद टायर घातला तर घेर तेथें कर्तव्यच ठरतो. आपल्याकडे पाहण्याची दिशा निराळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखानदारानें मूळ ठरविलेला आणि नोंदणीपत्रांत उतरलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें याचा अर्थ स्पष्ट करतांना मूळ रचनेंत बदल करण्यास आडकाठी घातली. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या अशा प्रत्येक फेरफाराला पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हीं, अशी शिक्षा ठेवली. मूळच्या टायरवर कारखान्याचाच घेर असणें ही एक गोष्ट, आणि अंग कापून पस्तीस इंची चाकें चढविणें ही दुसरी. परिवहन अधिकारी या दोहोंकडे एकाच दृष्टीनें पाहील असें कोणी समजूं नये. कापण्याआधीं त्याच्या कचेरींत जाऊन विचारणें स्वस्त पडतें.

अमेरिकेंत आज एक गंमत चालू आहे. १९६६ ते १९७७ या काळांतल्या ज्या थोड्या ब्रॉन्को गाड्यांच्या मागच्या खांचा कोणी कापल्या नाहींत त्यांना संग्राहकांकडून अधिक मोल येतें, आणि विक्रीच्या वर्णनांत ‘न कापलेली’ हा शब्द मानानें लिहिला जातो. ज्यांच्या वडिलांनीं पन्नास वर्षांपूर्वीं छिन्नी चालविली ते लोक आतां नव्यानें दाबून मिळणारे बाजूचे पत्रे विकत आणून खांच पुन्हां भरून घेत आहेत. बाजू सरळ आणि सपाट असल्यानें काम सोपें वाटतें, पण सपाट पत्र्यावरच चूक लवकर दिसते. जोडकाम एकसारखें ओढीत नेलें तर उष्णतेनें पत्र्याला पोक येतो; म्हणून येथें एक ठिपका, मग वीतभर दूर दुसरा, मग निवूं द्यावयाचें, आणि पुन्हां पहिल्याच्या शेजारीं तिसरा, असें दिवसभर चालतें, आणि संध्याकाळीं कानस.